सरकारचा नारळ

लालबागच्या खानोलकर चाळीत गुणाजी राऊळ राहत असे. आठवडाभर तो गिरणीच्या कार्डिंग खात्यात कापसाच्या धुरळ्यात काम करी. घरी परतताना त्याच्या भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं पांढरं झालेलं असे. त्याची बायको बकुळा त्याला दाराबाहेरच फडक्याने झटकी आणि मग आत घेई. पण थंडीचे दिवस आले की रविवारी दुपारी हाच गुणाजी नीळ दिलेला पांढरा सदरा घालून, केसांना पाणी लावून जिना उतरायचा, आणि नळावरच्या बायका बाजूला होऊन त्याला वाट द्यायच्या. रेसकोर्सचा हंगाम सुरू झालेला असे. महालक्ष्मीला घोड्यांवरच्या पैजेची तिकिटं विकायच्या खिडक्या होत्या, आणि त्यांतल्या एका खिडकीमागे उभं राहून तिकिटं फाडून द्यायचं काम गुणाजीला मिळालं होतं.

तो स्वतः कधी पैज लावत नसे. घोडेही त्याला फारसे दिसत नसत. खिडकीतून दिसत ते हात. अंगठीवाले, तंबाखूने पिवळे पडलेले, थरथरणारे, शांत. मोठा आरडाओरडा झाला की एक शर्यत संपली, एवढंच त्याला कळे. चाळीतल्या लोकांना मात्र वाटे की गुणाजीला रेसमधलं सगळं ठाऊक असणार, आणि ज्याला रेसमधलं ठाऊक त्याला कायद्यातलंही ठाऊक असणार.

कायद्यातलं त्याला ठाऊक होतं ते एवढंच. एका वर्षी लालबागच्या नाक्यावरच्या एका चहावाल्याला पोलिसांनी पैजा घेतल्याबद्दल पकडून नेलं. घोडे तेच, शर्यत तीच. चहावाला दुकानात बसून चिठ्ठ्या घेत होता, गुणाजी खिडकीत उभा राहून तिकिटं देत होता. एकाला बेडी आणि दुसऱ्याला दुपारचा चहा फुकट. गुणाजीला हे काही उमगेना. शेवटी त्याने खिडक्यांवरच्या हेडक्लार्कना, फणसवाडीत राहणाऱ्या धुरंधरांना, भीत भीत विचारलं.

धुरंधर काटेकोर पण मायाळू गृहस्थ होते. त्यांनी बोटं मोजून सांगितलं. "आपल्याकडे कुंपण आहे. आपल्याकडे परवाना आहे. आणि आपण सरकारचा वाटा काढून देतो. सगळ्यांची पैज एका ठिकाणी जमा होते, वाटा बाजूला निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. त्या चहावाल्याकडे यातलं काय होतं?"

कुंपण, परवाना, वाटा. गुणाजीने शाळेत पाढे केले होते तसे हे तीन शब्द पाठ केले. पैज शुद्ध व्हायला या तीन गोष्टी लागतात अशी त्याची समजूत झाली, आणि ती इतकी पक्की झाली की पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच निघाला.

त्या वर्षी गुणाजीचा खोकला वाढला होता. गिरणीच्या डॉक्टरने छातीला नळी लावून सांगितलं, की कापसातून बाहेर पडलास तर बरा होशील, नाहीतर मी औषध देत राहीन आणि तू खोकत राहशील. गुणाजीने ते धुरंधरांच्या कानावर घातलं. धुरंधर म्हणाले, रेसकोर्सच्या सामानाच्या कोठीत बारमाही माणूस हवा आहे. दोर, रंग, खुंट्या, कुंपणाच्या फळ्या यांची देखभाल. मोकळ्या हवेतलं काम. हंगाम उघडताना ते गुणाजीचं नाव घालणार होते. अट एकच होती. पोलिसांत जुगाराखाली नाव लागलेला माणूस तिथे चालत नसे, झाडूवालासुद्धा.

"माझं नाव कशाला लागेल?" गुणाजी हसून बकुळेला म्हणाला होता.

आणि मग श्रावण आला.

खानोलकर चाळीत बहुतेक सगळे मालवणाकडचे. नारळी पौर्णिमेला चाळीमागच्या पटांगणात नारळ लढवायचा त्यांचा जुना रिवाज होता. एकाने आपला नारळ तळहातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका मारायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्यासाठी आठ दिवस आधी भायखळ्याच्या बाजारात जाऊन माणसं नारळ कानाशी धरून टिचकी मारत बसत. लवू तेलवाला, म्हणजे गिरणीत यंत्रांना तेल घालणारा लवू परब, हा त्यातला उस्ताद. त्याचा नारळ लहान, काळपट, टोकाला जाड असे, आणि तो निवडताना लवू असा गंभीर होई की बायकोसुद्धा त्याच्याशी बोलत नसे.

लढणारे लढत, आणि भोवतीचे बघे आपसांत पैजा लावत. पैशाच्या नव्हेत, नारळांच्याच. लवू जिंकला तर तुझा नारळ माझा. मग भांडणं होत. मी लवू म्हटलं होतं, नाही, तू दुसऱ्याचं नाव घेतलंस. ही भांडणं मिटवायला पंच लागे, आणि दरवर्षी पंच गुणाजी. कारण उघड होतं. ज्याच्या हातून महालक्ष्मीला पैजेची तिकिटं जातात, त्याच्यापेक्षा लायक माणूस लालबागेत कुठे शोधायचा?

त्या श्रावणाच्या सुरुवातीला हवालदार सीताराम चाळीचा जिना चढून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झाल्यापासून पोलिसांचे बूट जिन्यावर वाजले की चाळ गप्प होत असे. सीताराम मूळचे राजापूरकडचे, लोकांना ओळखणारे, आणि ही शांतता त्यांनाही बोचत असे. त्यांनी पाणी मागितलं, ते उभ्यानेच प्यायले आणि सांगितलं, की यंदा नारळाचं ते काही करू नका. गेल्या साली खालच्या गल्लीत बघ्यांच्या पैजांवरून डोकी फुटली होती. चौकीवर आता नवे इन्स्पेक्टर आलेत, आणि त्यांच्या मते हा जुगार आहे.

"आणि नाव लिहायचं झालं," ते गुणाजीकडे न बघता म्हणाले, "तर पहिलं पंचाचं."

बकुळेने नवऱ्याकडे पाहिलं. गुणाजी खोकला.

त्याच संध्याकाळी गॅलरीत बैठक बसली. लवूचं म्हणणं सरळ होतं. "माझो नारळ, माझ्या हातात. फुटलो तर माझो फुटलो. सरकाराचा काय जाता?" विमा कंपनीत कारकून असलेला जगदीश समितीचं काम करायचा, सभांचे फलक रंगवायचा. त्याने धीर दिला, की संयुक्त महाराष्ट्र झाला की कायदेही आपले होतील, मग कोण अडवतो बघू. लवूने विचारलं, की महाराष्ट्र पौर्णिमेआधी होणार काय. जगदीश म्हणाला, तसं सांगता येत नाही.

मग पलीकडच्या चाळीतले दौलत कांबळे बोलले. दौलत गिरणीच्या स्पिनिंग खात्यात होते, आणि रात्री वाचनालयात बसून घटनेचं मराठी पुस्तक पानापानाने वाचत. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून ते देवापुढे नारळ फोडत नसत, पण हे फोडणं देवासाठी नसून खेळासाठी असल्यामुळे यायला हरकत आहे की नाही, हे त्यांचं स्वतःचंही अजून ठरायचं होतं. ते म्हणाले, पैज आणि जुगार हा विषय घटनेने राज्याकडे सोपवलेला आहे. राज्याला वाटलं तर ते बंद करील, वाटलं तर परवाना देऊन चालू ठेवील. रेस चालते ती त्यामुळेच.

"पण राज्य म्हणजे कुठला?" लवू म्हणाला. "आता हा ता, की येतला ता?"

आताचं राज्य मुंबईचं, द्विभाषिक, आणि ते नको म्हणून तर सगळे मोर्च्यांत चालले होते. ज्या राज्याला आपण मानत नाही त्याच्याकडे परवाना मागायचा का? आणि जे अजून झालंच नाही त्याच्याकडे मागणार कसा? दौलतनी डोकं खाजवलं. जगदीश म्हणाला, की तत्त्वतः मागू नये, पण व्यवहार म्हणून मागायला हरकत नाही. आणि मग सगळ्यांच्या माना एकदम गुणाजीकडे वळल्या.

गुणाजी पुढचे काही दिवस परवान्यामागे फिरला. दुपारपाळी असली की सकाळी तो पांढरा सदरा चढवून बाहेर पडे. बकुळा म्हणायची, हंगाम नसताना हा सदरा दिसला की मला धडकी भरते. चौकीवरच्या कारकुनाने त्याला वॉर्ड ऑफिसात पाठवलं. वॉर्ड ऑफिसातला बाबू पान लावता लावता ऐकत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, हा खेळ आहे की पैज? गुणाजी म्हणाला, दोन्ही. बाबूने पान तोंडात घातलं. खेळ असेल तर परवाना लागत नाही, तो म्हणाला, आणि पैज असेल तर मिळत नाही. गुणाजी बाहेर पायरीवर येऊन बसला आणि ते वाक्य त्याने पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते बरोबर वाटे, आणि प्रत्येक वेळी हाती काही लागत नसे.

शेवटी तो सचिवालयापर्यंत जाऊन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या अधीक्षकाने त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि खिडकीबाहेर बघत सांगितलं, की राज्याचे दोन तुकडे होणार असं सगळे बोलतात. अशा वेळी नव्या परवान्याला कोणी हात लावत नाही. आमच्याच खुर्च्या कुठे जाणार ते आम्हाला माहीत नाही, तुमच्या नारळाचं काय सांगू?

फणसवाडीत धुरंधरांकडे तो सल्ल्याला गेला, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "गुणाजी, त्या दिवशी तू तिथे उभा राहू नकोस, म्हणजे झालं."

गुणाजी हो म्हणून निघाला. गिरगावातून लालबागपर्यंत तो चालत आला आणि वाटभर मनाशी बोलत राहिला. उभं राहायचं नाही, हे सोपं. पण पंच नसला तर बघे भांडणार, डोकी फुटणार, हवालदार येणार आणि लवूचं नाव लिहिलं जाणार. लवू त्याच्या बरोबरीने बोटीतून मुंबईत उतरलेला. आणि लोक काय म्हणतील? महालक्ष्मीच्या साहेबांच्या खिडकीत उभा राहतो, आपल्या माणसांत उभा राहायला याला लाज वाटते.

भायखळ्याच्या पुलाशी येईपर्यंत त्याला वाट सापडली होती. निदान सापडलीसं वाटलं. तीन गोष्टी लागतात. परवाना कोणी देत नाही, त्यात आपला दोष नाही. पण उरलेल्या दोन तर आपल्या हातातल्या आहेत. कुंपण घालता येतं. वाटा काढता येतो. धुरंधर साहेब तिथे जे करतात ते इथे केलं, तर चूक निघेल कुठून?

त्याने लवूला सांगितलं, लवूने इतरांना. बघ्यांनी आपसांत पैजा लावायच्या नाहीत. प्रत्येक लढतीआधी ज्याला कोणावर नारळ लावायचा त्याने तो पंचाकडे आणून द्यायचा. सगळे एका ढिगात. लढत झाली की ढिगातून सरकारचा नारळ आधी बाजूला, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत सारखे. भांडणाला जागाच नाही. जगदीशला हे फारच आवडलं. त्याने एका फळीवर "खेळाचे नियम" असं सुरेख अक्षरात रंगवूनही दिलं. दौलतनी तेवढी शंका काढली, की सरकारने न मागता त्याला वाटा द्यायचा, हे घटनेत कुठे वाचल्याचं आठवत नाही.

"आणि सरकाराक नारळ नेऊन देतलो कोण?" बकुळेने विचारलं.

"मीच. दुसरो कोण?"

"तुमका चौकीर कोणी बोलावलेला नाय."

"न बोलावता जायन, म्हणान तर सच्चो," गुणाजी म्हणाला. बकुळेने सदऱ्याला नीळ जरा जास्तच घातली.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी पटांगणात चार खुंट्या ठोकून दोर बांधला गेला. खानोलकर चाळीत इतका शिस्तीचा सण पूर्वी कधी झाला नव्हता. लोक रांगेने येऊन नारळ देत होते, गुणाजी पांढऱ्या सदऱ्यात उभा राहून प्रत्येकाला खडूने खूण केलेली खापरी देत होता, म्हणजे कोणी कोणावर लावला ते विसरायला नको. लवूने एकामागून एक लढती मारल्या. दौलत बराच वेळ दोराबाहेर हाताची घडी घालून उभे होते. मग ते एकदम आत आले, कोणाचा तरी नारळ मागून घेतला, लवूसमोर धरला, आणि लवूचा तो काळपट नारळ पहिल्याच ठोक्याला दुभंगला. पटांगणात हसण्याचा जो लोट उठला त्यात लवूही सामील झाला. जिंकलेल्या नारळाचं काय करायचं ते दौलतना कळेना. ते तो कितीतरी वेळ हातात धरून उभे राहिले.

सीताराम हवालदार समोरच्या चहाच्या दुकानात बसून सगळं बघत होते. भांडण नाही, शिवी नाही, हातापायी नाही. लिहावं असं काहीच घडेना. दुपारी ते कपाळ पुसत उठून गेले.

सण संपला तेव्हा दोराच्या कोपऱ्यात सरकारचे नारळ वेगळे पडलेले होते. गुणाजीने ते गोणपाटाच्या पिशवीत भरले, केसांना पाणी लावलं आणि चौकीची वाट धरली.

इन्स्पेक्टर तरुण होते. टेबलावरचे कागद बाजूला सारून त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे, आणि त्या सदऱ्यामुळेच बहुधा बसायला सांगितलं. गुणाजी बसला नाही. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. दोर कसा बांधला, ढीग कसा केला, वाटा कसा काढला. बोलताना त्याचा खोकलासुद्धा थांबला होता. शेवटी त्याने पिशवी टेबलापाशी ठेवली आणि म्हणाला, "हा सरकारचा वाटा, साहेब. मोजून घ्यावा."

दारात उभ्या असलेल्या सीतारामांनी डोळे मिटून घेतले.

इन्स्पेक्टरांनी पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच समजावत असल्यासारखे म्हणाले, "तुम्ही काय केलंत, कळतंय का तुम्हाला? आजवर चाळीतले चार लोक खेळत होते. गल्लीतली दंगामस्ती म्हणून मी दम देऊन सोडलं असतं. आता तुम्ही जागा आखलीत, पैजा गोळा केल्यात, ढीग तुमच्या ताब्यात ठेवलात आणि त्यातून हिस्सा काढलात. अहो, कायदा ज्याला जुगाराचा अड्डा म्हणतो तो हाच."

"पण हिस्सा मी घेतला नाही, साहेब. सरकारसाठी ठेवला."

"सरकारने मागितला होता?"

महालक्ष्मीला सरकार मागतं म्हणून देतात की देतात म्हणून सरकार घेतं, हे त्याने धुरंधरांना कधी विचारलंच नव्हतं.

इन्स्पेक्टरांनी टाक उचलला. "नाव?"

गुणाजीने नाव सांगितलं. टाक अजून कागदाला टेकला नव्हता.

"काम कुठे?"

"गिरणीत, साहेब. कार्डिंगला. आणि हंगामात महालक्ष्मीला. पैजेच्या तिकिटांच्या खिडकीवर."

टाक हवेत राहिला. "म्हणजे तिथे तुम्ही हेच काम करता?"

"होय साहेब. म्हणून तर इथे तसंच केलं."

इन्स्पेक्टरांनी सीतारामांकडे पाहिलं. सीतारामांनी छताकडे पाहिलं. कोणी पाहिलं असतं तर त्या खोलीत सर्वांत गोंधळलेला माणूस कोण हे त्याला चटकन सांगता आलं नसतं. नारळ ठेवून घ्यावेत तर सरकारने अड्ड्याचा वाटा खाल्ला असं होतं. जप्त करावेत तर पंचनामा आला, पंचनामा आला की नाव आलं, आणि आपल्या पायांनी वाटा भरायला आलेल्या माणसाला कोठडीत घातल्याचं वरिष्ठांना समजावून सांगणं आलं. चाळ आधीच पोलिसांवर दात धरून होती.

"साहेब," सीताराम दारातून म्हणाले, "आज पुनव आहे. दर्याला वाहून टाकले तर?"

"ते जमायचं नाही," गुणाजी चटकन म्हणाला. "दर्याला आपला नारळ वाहतात. हे सरकारचे आहेत."

इन्स्पेक्टरांनी टाक दौतीत उभा केला आणि कागद, कोराच, घडी करून खणात टाकला. "ही पिशवी मी पाहिलेली नाही," ते म्हणाले. "घेऊन जा. आणि तो दोर आधी सोडा."

"मग वाटा?"

"राज्य कुठलं होणार ते तर ठरू द्या. मग बघू."

गुणाजी पिशवी घेऊन घरी आला. नाव लिहिलं की नाही, या बकुळेच्या प्रश्नाला त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की विचारलं, पण लिहिल्याचं दिसलं नाही. खणात काय गेलं ते देवाला ठाऊक. बकुळेने पिशवीतला एक नारळ कालवणाच्या वाटपाला काढला, तेव्हा त्याने तो तिच्या हातून काढून घेतला. सगळे नारळ माळ्यावर गेले. श्रावण संपला, गणपती आले, मोदकांना नारळ कमी पडले, पण माळ्याला कोणी हात लावला नाही.

दिवाळीनंतर धुरंधरांनी त्याला बोलावून घेतलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "पोलिसांत नाव वगैरे?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि ते बहुधा खरंही होतं. गुणाजीने सगळी हकीकत सांगितली. दोर, ढीग, खापऱ्या, पिशवी, टाक. धुरंधर चष्मा पुसत राहिले. आपलंच बोटं मोजून दिलेलं उत्तर असं लालबागेतून फिरून आपल्या दारात येईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार.

"नाव नाही लागलं, असं धरून चालू," ते अखेर म्हणाले. "कोठीची जागा तुला देतो. पण गुणाजी, खिडकी आता नको. तिथे उभा राहिलास की तू काहीतरी शिकतोस."

गुणाजी कापसातून सुटला. खोकला हळूहळू उतरला, भुवया काळ्या राहू लागल्या. सबंध दिवस तो मोकळ्या हवेत कुंपणाच्या फळ्यांना पांढरा रंग देई. खिडकीतले हात मात्र त्याला आठवत. रविवारी लांबून गर्दीचा आवाज आला की ब्रश हातात धरून तो थांबे. पांढऱ्या सदऱ्याची आता गरज उरली नव्हती. बकुळेने तो धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवला.

आणि मग मे महिन्यात महाराष्ट्र झाला. चाळीवर पताका लागल्या, जगदीश शिवाजी पार्कवर जाऊन घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आला. लवू म्हणाला, नारळ फोडूया. दारोदार विचारलं, पण एवढ्या लोकांना पुरतील इतके नारळ कोणाच्या घरी नव्हते. मग गुणाजी माळ्यावर चढला आणि गोणपाटाची पिशवी खाली आणली. नारळ हलवले की आत खुळखुळत होते. पाणी कधीच आटलं होतं. लवूने एक आपटला, तर आतून खोबऱ्याचा अख्खा गोटा निघाला, तेलकट, गोड. तो फोडून चाळभर वाटला. दौलतही एक तुकडा घेऊन गेले.

"म्हणजे सरकाराचो वाटो सरकाराक पोचलो?" गुणाजीने लवूला विचारलं.

"पोचलो तर," लवू चावत चावत म्हणाला. "सरकार आता आमचाच मा?"

गुणाजीला ते पटलं, पण पुरतं नाही. त्याने एक नारळ न फोडता पुन्हा माळ्यावर ठेवला.

पुढच्या श्रावणात तो तरीही चौकीवर जाऊन आला. आता आपलं राज्य आहे, नारळाबद्दल काही नवीन निघालं का, एवढंच विचारायला. ते इन्स्पेक्टर बदलून गेले होते. सीतारामच टेबलाशी होते. त्यांनी सांगितलं, कायदा तोच आहे, राज्याचं नाव तेवढं बदललं. आणि दोर बांधू नका, बाबा.

दोर बांधला नाही. नियमांची फळी जगदीशच्या पलंगाखाली गेली. लवू लढला, बघ्यांनी आपसांत पैजा लावल्या, कोणी कोणावर लावला होता यावरून तोंडातोंडी झाली, आणि सगळे ओरडून गुणाजीला बोलावू लागले. गुणाजी पटांगणाच्या कडेला उभा होता. गेल्या साली खुंटी ठोकली होती ते भोक अजून मातीत दिसत होतं. आपण त्या दोराच्या आत उभे आहोत की बाहेर, हे त्याने वाकून पाहिलं. नीटसं कळेना. तोवर लवूने येऊन त्याचा हात धरला आणि त्याला ओढत भांडणाच्या मध्यभागी नेलं.